बागेची परीक्षा पाहणारी पेटी

मार्च महिना उजाडला की चिमण्यांची आठवण निघते. २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर व त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांचे कष्ट आहेत. त्या निमित्ताने शाळांतून लाकडी घरटी वाटली जातात, सोसायट्यांच्या आवारात टांगली जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. पुढे त्या पेट्यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणाला सांगता येते. चिमणी आली का, आली तर अंडी किती घातली, पिल्ले किती निघाली, किती उडून गेली आणि किती आतल्या आत मेली, हे कोणी टिपून ठेवलेले नसते. माझ्या मते कृत्रिम घरट्याची खरी किंमत या प्रश्नांच्या उत्तरांत आहे. पेटी टांगली म्हणजे पक्षी वाचला, हे फार तर अर्धसत्य आहे. पेटीवर सबंध हंगामभर लक्ष ठेवले आणि दिसले ते लिहून काढले, तर आपल्या बागेत पक्ष्याला जगायला काय कमी पडते ते कळू लागते. आणि ते कळल्यावर बाग बदलण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पक्ष्याचे भले होते ते या दुसऱ्या टप्प्यात.

पेटी नेमकी कोणती उणीव भरून काढते, हे आधी पाहू. बुलबुल, शिंजीर, शिंपी, सुगरण हे पक्षी आपले घरटे आपण रचतात किंवा विणतात. त्यांना पेटीचा काही उपयोग नाही. सुतार आणि तांबट चोचीने खोडात किंवा फांदीत ढोली कोरून घेतात. चिमणी, दयाळ, साळुंकी, राखी वल्गुली, पिंगळा यांना मात्र आयती पोकळी लागते. ती त्यांना दोन ठिकाणी मिळत असे. एक झाडात: सुताराने सोडून दिलेली ढोली, फांदी मोडून कुजलेली खोबण. दुसरी माणसाच्या घरात: कौलांखाली, वाशांच्या बेचक्यात, तसबिरीमागे, भिंतीतल्या रिकाम्या भोकात. वाडे पाडून गुळगुळीत भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या तशी दुसरी जागा गेली. पावसाळ्यापूर्वी वाळक्या फांद्या उतरवल्या जातात, त्यात पहिली जाते. लोकांच्या अंगावर फांदी पडू नये म्हणून ती छाटणे भाग असते, हे खरेच. पण ढोलीसाठी लागणारे जुने, अर्धवट वाळलेले लाकूड बागेतून त्यामुळे नाहीसे होते. लाकडी पेटी भरून काढते ती एवढीच उणीव. ती पोकळी देते. अन्न, पाणी, अंगावर घ्यायला धूळ, लपायला झुडूप यांतले काहीही ती देत नाही.

ती एक गोष्ट तरी नीट द्यायला हवी. चिमणीसाठी भोकाचा व्यास ३२ मिलिमीटर पुरतो. त्यातून चिमणी आरामात जाते आणि साळुंकीला आत शिरता येत नाही. भोक मोठे ठेवले तर पेटी साळुंकीच्या ताब्यात जाण्याचा संभव वाढतो, म्हणजे कोणता पक्षी यावा याचा निर्णय पुष्कळसा ते भोक पाडतानाच झालेला असतो. भोक तळापासून चांगले वीतभर उंच असावे, नाहीतर मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोहोचते. बाजारातल्या बऱ्याच पेट्यांना भोकाखाली बसायला दांडी लावलेली असते. ती दिसायला छान, पण पोकळीत घरटे करणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते आणि हल्ला करणाऱ्याला मात्र आयता आधार मिळतो. लाकूड जाड आणि रंगरोगण न केलेले हवे. पत्र्याची पेटी विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात भट्टीसारखी तापते, पुठ्ठ्याची पहिल्या पावसात लोळागोळा होते. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रे, वरच्या बाजूला हवा खेळायला फट, आणि भोकाचे तोंड दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाकडे व पावसाच्या झडीकडे नसावे. चिमणी वस्ती करून राहणारी आहे, म्हणून जवळजवळ तीन-चार पेट्या लावल्या तर त्या भरण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे हे काम करायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात टांगलेली पेटी उन्हाळ्यातल्या विणीपर्यंत पक्ष्यांच्या सवयीची होते. २० मार्चला टांगलेल्या पेटीला तेवढा अवधी मिळत नाही.

पेटी भरली की पाहण्यासारखे फार असते. सुरुवात नर करतो. गळ्याखाली काळा पट्टा असलेला चिमणा भोकाशी बसून एकसारखा चिवचिवतो. मादी येते, आत डोकावते, जाते, पुन्हा येते. मग गवताच्या काड्या, सुतळीचे धागे, कापूस, पिसे असा सगळा संसार आत जाऊ लागतो. पेटी मोठी असेल तर चिमणी ती जवळजवळ पूर्ण भरून टाकते आणि आत एक खोलगट, पिसांनी मऊ केलेली जागा ठेवते. अंडी दिवसाला एक याप्रमाणे येतात, बहुधा तीन ते पाच, पांढरट आणि करड्या-तपकिरी ठिपक्यांची. नर-मादी दोघेही आळीपाळीने बसतात. साधारण बारा-तेरा दिवसांनी पिल्ले निघतात: उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली, चोचीच्या कडा पिवळ्या आणि फुगीर. इथपासून पंधरवडा पाहणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहावा. आईबाप काय घेऊन आत शिरतात? चोचीत हिरवी अळी आहे, नाकतोडा आहे, की भाताचे शीत आणि पावाचा तुकडा? आत गेलेला पक्षी बाहेर येताना विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून दूर टाकतो का? खेपा तासाला किती होतात, सकाळी किती आणि भर दुपारी किती? पिल्लांचा आवाज दिवसागणिक वाढतो आहे की अचानक मंदावला? दुर्बीण, घड्याळ आणि वही एवढ्यावर हे सगळे टिपता येते.

या टिपणांतून काय निघू शकते याचा सर्वांत मोठा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायटम वनात डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये ग्रेट टिट या पक्ष्यासाठी पेट्या लावून अभ्यास सुरू केला. हा पक्षी आपल्या राखी वल्गुलीचा जवळचा नातलग. तो अभ्यास आजही चालू आहे आणि पेट्यांची संख्या हजारावर गेली आहे. लॅक यांचा प्रश्न वरवर पाहता साधा होता. हा पक्षी आठ-नऊ अंडी घालतो, मग पंधरा का घालत नाही? पिल्लांच्या पायात ओळखीची कडी चढवून आणि त्यांची वजने घेऊन उत्तर शोधले गेले: पिल्ले जास्त झाली की प्रत्येकाच्या वाट्याला घास कमी येतो, वजन कमी भरते आणि हलके पिल्लू घरटे सोडल्यावर जगण्याची शक्यता घटते. अंड्यांची संख्या आईबाप किती तोंडे भरवू शकतात याच्याशी बांधलेली आहे, हा विचार त्यातून पक्का होत गेला. पेटी नसती तर हे कळणे फार अवघड होते. झाडाच्या ढोलीत हात घालून दरवर्षी शेकडो पिल्ले तोलता येत नाहीत. झाकण उघडणाऱ्या पेटीत ती तोलता येतात.

त्याच वह्यांनी पुढे असे काही दाखवले जे सुरू करताना कोणाच्या मनातही नव्हते. १९६०च्या दशकाच्या तुलनेत वायटममधले ग्रेट टिट आता सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालतात, कारण वसंत लवकर येतो, ओकची पालवी लवकर फुटते आणि तिच्यावरच्या अळ्याही लवकर येतात. या पक्ष्याने आपले वेळापत्रक बऱ्यापैकी जुळवून घेतले. नेदरलँड्समधल्या काळ्या-पांढऱ्या माशीमार पक्ष्याला ते तितकेसे जमले नाही. हा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि पेट्यांत घरटे करायला उत्तरेकडे येतो, तोपर्यंत काही वनांत अळ्यांचा बहर सरून गेलेला असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जिथे अळ्यांचा बहर सर्वांत लवकर येत होता, तिथे या पक्ष्यांची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. पेट्या जागच्या जागी होत्या, भोके मोजून पाडलेली होती, कमतरता होती ती पिल्लांच्या घासाची. निवारा आहे आणि तरीही पक्षी कमी होतो, हे भरलेल्या-रिकाम्या पेट्या वर्षानुवर्षे मोजल्या गेल्या म्हणून दिसले.

चिमणीची गोष्ट याहून वेगळी नाही. मोठी चिमणी धान्य खाते म्हणून आपण तांदूळ टाकतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो. पण पिल्लांना पहिले काही दिवस किडेच लागतात. त्यांच्या वाढीला लागणारी प्रथिने दाण्यांतून भागत नाहीत. इंग्लंडच्या लेस्टर शहरात पेट्यांतल्या चिमण्यांचा अभ्यास झाला, तेव्हा पुष्कळ पिल्ले कोवळ्या वयात उपासमारीने मरत असल्याचे आढळले, आणि ज्यांच्या आहारात किड्यांऐवजी वनस्पतिज पदार्थ जास्त होते त्यांची जगण्याची शक्यता कमी होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बागेत मावा, अळी, नाकतोडा, कोळी यांतले काहीच उरले नसेल, तर आईबापांच्या चोचीत ते येणार नाही. फरशी घातलेले अंगण, आठवड्याला कापले जाणारे हिरवळीचे गालिचे, परदेशी शोभेची झाडे आणि महिन्याला होणारी फवारणी अशा बागेत टांगलेली पेटी चिमणीला बोलावते आणि तिच्या पिल्लांना उपाशी ठेवते. वहीत हे उतरते: खेपा कमी, चोचीत शिळे अन्न जास्त, पाच अंड्यांतून उडालेले पिल्लू एक. अशी नोंद दोन हंगाम सलग आली तर दोष पेटीचा नाही, बागेचा आहे, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

यावर अनेक आक्षेप येतात आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा की नुसत्या पेट्यांनी पक्षी सावरल्याची उदाहरणे आहेत, मग नोंदींचा एवढा आग्रह कशाला? सर्वांत ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या ब्लूबर्डचे. ढोलीची झाडे कमी झाली, त्यात युरोपातून नेऊन सोडलेल्या चिमण्या आणि स्टार्लिंग या पक्ष्यांनी उरलेल्या ढोल्या बळकावल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्लूबर्ड फार कमी झाला. लोकांनी रस्त्यांच्या, कुरणांच्या कडेने ओळीने पेट्या लावल्या आणि तो सावरला. पण ही हकिगत पुरती ऐकली तर ती माझ्याच बाजूने बोलते. त्या पेट्यांच्या ओळी माणसे विणीच्या हंगामात नियमाने फिरून तपासत होती. न तपासलेल्या पेटीत तिथे चिमणीच घरटे करते आणि ब्लूबर्डला मारून हुसकावते. आपण ज्या पक्ष्यासाठी पेट्या लावतो, तोच तिथे पेटीचा शत्रू ठरतो. पेटी कोणाच्या कामी येईल हे जागेवर आणि लक्ष ठेवणाऱ्यावर अवलंबून आहे, ती आपोआप कोणाचे भले करत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. पेटी ही नैसर्गिक ढोली नव्हे. म्हणून तिच्यात दिसलेले सत्य ढोलीला लागू पडेलच असे नाही. पोलंडच्या बियालोव्येझा या प्राचीन अरण्यात तोमाश वेसोलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खऱ्या ढोल्यांतली घरटी पाहिली आणि हा इशारा सातत्याने दिला. ढोलीची भिंत जाड असते, त्यामुळे आतले तापमान पेटीइतके चढउतार करत नाही. ओलावा वेगळा, उवा-पिसवांचे प्रमाण वेगळे, शिकाऱ्यांचा धोका वेगळा. वायटममध्येच विझल नावाचा छोटा शिकारी प्राणी लाकडी पेट्यांत शिरून पिल्ले फस्त करू लागला, तेव्हा सत्तरच्या दशकात सिमेंट-मिश्रणाच्या, तारेने टांगलेल्या पेट्या आणल्या गेल्या, आणि त्याबरोबर निरीक्षणाखालचा धोकाच बदलला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यातून निघणारा धडा असा की पेटीला ढोलीचा पर्याय मानून झाडे तोडू नयेत. रस्तारुंदीकरणात जुना वड पाडला आणि बदल्यात वीस पेट्या टांगल्या, हा व्यवहार खोटा आहे. वडाची फळे, त्याच्यावरचे किडे, त्याच्या ढोल्या वीस पेट्यांत येत नाहीत. पण ज्या गल्लीत ढोली उरलेलीच नाही, तिथे पेटीतली नोंद हीच हाती लागणारी नोंद आहे आणि तिच्या मर्यादा माहीत असतील तर ती उपयोगी आहे.

तिसरा आक्षेप पाहण्याच्या मोहाबद्दल आहे. हातात कॅमेरा असलेला फोन आला की झाकण उघडून आत डोकावण्याचा, पिल्ले हातावर घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह होतो. त्यातून घरटे टाकून दिले जाऊ शकते. आणि पिल्ले उडायच्या बेतात असताना पेटी उघडली तर ती वेळेआधीच बाहेर उड्या घेतात आणि जमिनीवर मांजराच्या तोंडी जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. वायटममध्ये पेट्या उघडतात ते प्रशिक्षित आणि परवानाधारक लोक. आपल्याला त्याची नक्कल करायची गरज नाही. घरच्या निरीक्षकाने पेटी उघडू नये, दहा-पंधरा पावलांवरून पाहावे, एवढा नियम पुरे. खेपा, चोचीतले अन्न, आवाज, उडालेली पिल्ले हे सगळे बाहेरून दिसते. पेटी रिकामी झाल्यावर, पक्षी परत येत नाहीत याची खात्री करून, ती उघडून साफ करावी. न उबलेली अंडी किंवा मेलेली पिल्ले किती होती हे तेव्हा कळते. ज्यांना आत पाहायचेच आहे त्यांनी पक्षी येण्याआधी, पेटी रिकामी असताना, छोटा कॅमेरा बसवावा. आणि पडद्यावर सर्वांत धाकटे पिल्लू मागे पडताना दिसले तर मध्ये हात घालू नये. हे पाहणे जड जाते, पण अन्न अपुरे असेल तेव्हा धाकटे पिल्लू आधी जाते, हीच त्या घरट्याने दिलेली सर्वांत महत्त्वाची माहिती असते.

चौथा आक्षेप असा की चिमणी कुठे एवढी धोक्यात आहे? स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा २०२०चा अहवाल सांगतो की देशभर पाहता चिमण्यांची संख्या गेली पंचवीसेक वर्षे साधारण स्थिर आहे. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटते आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या गेल्या, या लोकप्रिय समजाला उपलब्ध पुराव्यांचा आधार नाही, हेही त्याच अहवालाने स्पष्ट केले. मला यात हायसे वाटण्यासारखे काही आहे तसेच कामाला लावणारेही काही आहे. खेड्यात आहे आणि शहरात नाही, एका उपनगरात आहे आणि शेजारच्यात नाही, असा हा प्रश्न असेल, तर त्याचे कारणही त्या त्या जागी शोधावे लागेल. एकाच मनोऱ्यावर सगळा दोष ढकलला की आपल्या अंगणातल्या फवारणीकडे कानाडोळा करणे सोपे जाते. स्थानिक प्रश्नाला स्थानिक नोंदच लागते.

मग एका घरच्या वहीला किंमत काय, हा शेवटचा आक्षेप. ब्रिटनमध्ये घरट्यांच्या नोंदी गोळा करण्याची योजना १९३९ पासून चालू आहे आणि तिच्यात मोठा वाटा हौशी माणसांचा आहे. आपल्याकडेही २०२३चा पक्षी अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा राहिला. पक्षी दिसला की टिपण्याची सवय आपल्याला लागली आहे. घरटे यशस्वी झाले की फसले, हे टिपण्याची सवय तेवढीच रुजायला हवी. एकाच जागी चिकाटीने पाहण्याचे मोल महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. अलिबागजवळच्या किहीमला सालीम अलींनी सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. नर अर्धवट घरटी विणतो, माद्या ती तपासून पसंत करतात, आणि एक मादी स्थिरावली की नर दुसऱ्या घरट्याला हात घालतो, हा क्रम त्यांनी मांडला. त्याला महागडी साधने लागली नाहीत. रोज तिथे असणे लागले.

म्हणून सोसायटीने, शाळेने किंवा घराने पेटी टांगताना तिच्याबरोबर दोन गोष्टींची तयारी ठेवावी. एक वही, जिच्यात तारीख, वेळ, खेपा, अन्न आणि निकाल लिहिला जाईल. शाळेत तर हे पर्यावरणाच्या तासाचे वर्षभराचे काम होऊ शकते. आणि दुसरी, वहीतून निघालेले मान्य करण्याची तयारी. ती म्हणेल की किडे कमी पडतात, तर विणीच्या काळात फवारणी थांबवावी, एक कोपरा न कापलेल्या गवताचा ठेवावा, कढीपत्ता, लिंबू, तगर, मेंदी अशी अळ्यांना पोसणारी झुडपे लावावीत. फवारणी थांबवली तर बाग अळ्या खाऊन टाकतील, या भीतीलाही पेटीतूनच उत्तर मिळाले आहे: नेदरलँड्सच्या सफरचंदाच्या बागांत ग्रेट टिटसाठी पेट्या लावल्या, तेव्हा अळ्यांचे नुकसान घटून झाडामागे उत्पन्न ४.७ किलोवरून ७.८ किलोवर गेले. लंडनमध्ये चिमण्यांच्या पिल्लांसाठी वरून अळ्या पुरवून पाहिल्या. पिल्ले जास्त जगली, पण चिमण्यांची एकूण संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. म्हणजे घरट्यातला घास हाही शेवटचा दुवा नव्हे. त्यापुढे उडालेल्या पिल्लाला दाणा, आडोसा आणि पुढच्या वर्षीची जागा लागते. एक उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तोही त्याच वहीत लिहावा लागतो. एवढी तयारी असेल तर या नोव्हेंबरात पेटी जरूर टांगा. ती नसेल तर पेटीचे पैसे एका देशी झाडावर खर्च करा. पक्ष्यांना त्याचा उपयोग अधिक होईल.